बोली आणि सौदा

२१ जानेवारी २०२३ रोजी नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियमवर पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. न्यूझीलंडचा संघ अवघ्या १०८ धावांत बाद झाला आणि भारताने आठ गडी राखून विजय मिळवला. सामना लवकर आटोपला. पण ज्यांना क्रिकेटच्या वस्तू जमविण्याचा छंद आहे, त्यांच्या दृष्टीने असा सामना संपल्यावरच खरा सुरू होतो. तिकिटाचा तुकडा, खेळाडूची स्वाक्षरी, छायाचित्र, टोपी अशा वस्तू पेटीत जाऊन बसतात आणि वर्षे उलटली की त्यांना किंमत येऊ लागते.

समजा, रायपूरच्या तात्यापारा भागातील एका मराठी गृहस्थांजवळ अशी एक पत्र्याची पेटी आहे. त्यात १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास ‘बिग फन’ बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे आहेत, पुढच्या काळातली खेळाडूंची पत्ते-कार्डे आहेत आणि वर उल्लेखिलेल्या सामन्याचे स्वाक्षरी केलेले तिकीटही आहे. मुलीच्या शिक्षणासाठी पैशाची निकड भासल्यामुळे ते ही पेटी विकायला काढतात. शहरातील एक संग्राहक घरी येतो, सर्व वस्तू निरखून पाहतो आणि रोख साडेदहा हजार रुपये देऊ करतो. गृहस्थांचा भाचा मात्र म्हणतो, “मामा, घाई करू नका. अशीच एक पेटी लिलावात बारा हजारांना गेल्याचे मी वाचले आहे.” मामांना वाटते, आत्ताच होकार दिला तर दीड हजार रुपयांचे नुकसान होईल. हा हिशेब वरवर सरळ दिसतो. प्रत्यक्षात तो चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजले म्हणजे लिलावाची किंमत व खाजगी सौद्याची किंमत यांतील भेद उलगडतो.

विक्रीच्या या दोन्ही रीती छत्तीसगडच्या शेतकऱ्याला नवीन नाहीत. मंडीत धान्याचा ढीग मांडला जातो, चार व्यापारी त्याभोवती उभे राहून बोली लावतात आणि सर्वांत वरची बोली ज्याची, त्याचा माल. दुसरीकडे गावोगाव फिरून दारातच धान घेणारा छोटा व्यापारी असतो. त्याला येथे ‘कोचिया’ म्हणतात. कोचियाकडे गाडीभाडे लागत नाही, वाट पाहावी लागत नाही, पैसे ताबडतोब हातात पडतात. पण बाजारात आज काय भाव चालला आहे हे कोचियाला पक्के ठाऊक असते आणि विकणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसते. महाराष्ट्रातील जुन्या बाजारपेठांत तर ‘हत्ता’ पद्धत प्रचलित होती. दोघांच्या हातांवर रुमाल टाकून, एकमेकांची बोटे दाबून भाव ठरविला जाई. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही आपल्या मालाचा भाव काय ठरला, हे कळत नसे. उघड लिलावाचा नियम आल्यावरही काही ठिकाणी ही रीत दीर्घकाळ टिकून राहिली, यावरून झाकलेल्या भावाचा मोह किती मोठा असतो हे दिसते.

संग्राह्य वस्तूंच्या बाजारात रुमाल नसतो. बाकी सर्व तेच असते.

आता मामांच्या पेटीकडे वळू. भाच्याने वाचलेले बारा हजार रुपये कोणी कोणाला दिले, हा पहिला प्रश्न. मोठ्या लिलावगृहांत हातोडी ज्या आकड्यावर पडते त्यावर खरेदीदाराकडून आणखी शुल्क घेतले जाते. मंडीतल्या आडतीचाच हा प्रकार. मात्र त्याचा दर पुष्कळदा शेकडा वीस किंवा त्याहून अधिक असतो. वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होणारी किंमत बहुधा हे शुल्क धरून सांगितलेली असते. म्हणजे हातोडी दहा हजारांवर पडली असेल, त्यावर वीस टक्के शुल्क लागून खरेदीदाराने बारा हजार मोजले असतील. शिवाय विक्रेत्याकडूनही काही लिलावगृहे दलाली घेतात. ती दहा टक्के धरली, तर विक्रेत्याच्या हाती नऊ हजार रुपयेच आले. उरलेले तीन हजार लिलाव करणाऱ्याकडे राहिले. घरी आलेला संग्राहक साडेदहा हजार देतो आहे. मामांना नऊ हजारांऐवजी साडेदहा हजार मिळतात आणि संग्राहकालाही बारा हजारांऐवजी साडेदहा हजारच द्यावे लागतात. लिलावाच्या प्रसिद्ध किमतीपेक्षा कमी किमतीत झालेला हा सौदा दोघांच्याही फायद्याचा आहे. नऊ आणि बारा यांच्यामधल्या कोणत्याही आकड्यावर दोघे एकमत झाले, तरी दोघांचा लाभच होईल.

मग लिलावाच्या भानगडीत कोणी का पडावे? कारण आपल्या पेटीवर हातोडी दहा हजारांवरच पडेल, हे मामांना आधी कळण्याचा मार्ग नाही. ती पाच हजारांवर पडू शकते, तशी वीस हजारांवरही पडू शकते. संग्राहकाने साडेदहा हजार देऊ केले, ते पेटीतील एखादे दुर्मीळ कार्ड त्याने ओळखल्यामुळे तर नव्हे, ही शंकाही राहतेच. जेरेमी बुलो आणि पॉल क्लेम्परर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांचा निष्कर्ष साध्या शब्दांत असा, की ठरावीक खरेदीदारांशी अत्यंत कौशल्याने घासाघीस करण्यापेक्षा आणखी एक खरा बोलीदार मिळवून साधा लिलाव करणे विक्रेत्याला सर्वसाधारणपणे अधिक लाभाचे ठरते. वस्तूचे मोल ज्याला नीट माहीत नाही, त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. त्याच्या वतीने जाणकार मंडळीच आपापसांत चढाओढ करतात.

परंतु या चढाओढीला एक मर्यादा आहे आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. लिलावातील भाव सर्वांत उत्सुक माणूस ठरवीत नाही. त्याच्या खालोखालचा माणूस ठरवितो. एकाची तयारी पन्नास हजारांची असेल आणि दुसरा आठ हजारांवर थांबला, तर पहिल्याला आठ हजारांच्या किंचित वर जाऊन वस्तू मिळते. त्याच्या खिशातील उरलेले पैसे कोणाला दिसत नाहीत.

याचे उत्तम उदाहरण क्रिकेटनेच दिले आहे. आयपीएलमुळे लिलाव हा शब्द घरोघरी पोचला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झालेल्या लिलावात यष्टिरक्षक ऋषभ पंतची मूळ किंमत दोन कोटी रुपये होती. बोली चढत गेली आणि २० कोटी ७५ लाखांवर लखनौचा संघ एकटा उरला. नेहमीच्या रीतीने हातोडी तेथेच पडली असती. परंतु पंत ज्या संघाकडून पूर्वी खेळत होता त्या दिल्लीच्या संघाला, समान रक्कम देऊन आपला खेळाडू परत घेण्याचा अधिकार होता. दिल्लीने तो वापरण्याची इच्छा दाखविली, तेव्हा नियमानुसार लखनौला आपला अंतिम आकडा सांगण्याची एक संधी मिळाली. लखनौने सांगितले, २७ कोटी! दिल्लीने माघार घेतली. म्हणजे उघड बोलीने २० कोटी ७५ लाखच बाहेर काढले होते. आणखी सव्वासहा कोटी देण्याची खरेदीदाराची तयारी होती आणि ती ‘तुमचा शेवटचा शब्द काय?’ असे विचारल्यावर प्रकट झाली. शेवटचा शब्द विचारणे, हीच तर खाजगी सौद्याची रीत आहे. एखाद्या संग्राहकाच्या मालिकेत एकच कार्ड कमी आहे आणि ते आपल्याच जवळ आहे, हे ज्या विक्रेत्याला माहीत असते, तो लिलावाच्या वाटेला जात नाही. तो थेट त्या माणसाचे दार ठोठावतो.

खेळाडूंच्या कार्डांचा सर्वांत मोठा बाजार अमेरिकेत आहे. तेथे बेसबॉल या खेळाच्या कार्डांना सव्वाशे वर्षांहून अधिक परंपरा आहे. सिगारेटच्या पाकिटात घालण्यासाठी १९०९ ते १९११ या काळात छापलेल्या कार्डांपैकी होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड जगप्रसिद्ध आहे. त्याची छपाई लवकरच थांबविण्यात आली, त्यामुळे आज त्याच्या जेमतेम पन्नास-साठ प्रती ज्ञात आहेत. त्यांतील एक प्रत ऑगस्ट २०२१ मध्ये लिलावात ६६ लाख ६ हजार डॉलरना विकली गेली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, दुसरी एक प्रत खाजगी सौद्यात ७२ लाख ५० हजार डॉलरना गेली. विशेष म्हणजे ही दुसरी प्रत स्थितीच्या दृष्टीने पहिलीपेक्षा एक पायरी खालची होती. कार्डांची स्थिती तपासून त्यांना एक ते दहा असे गुण देणाऱ्या संस्था असतात. पहिल्या प्रतीला तीन गुण होते, दुसरीला दोन.

यावरून खाजगी सौद्यात किंमत जास्त मिळते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. एक तर मधल्या वर्षभरात बाजार बदललेला असू शकतो. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे, की लिलावाचे सर्वच निकाल जगासमोर येतात. चढलेले येतात, पडलेलेही येतात. खाजगी सौद्यांचे तसे नसते. त्यांतील ज्यांचा डंका पिटावा असे विकणाऱ्याला, घेणाऱ्याला किंवा मध्यस्थाला वाटते, तेवढेच प्रसिद्ध होतात. एखाद्याने अडचणीत सापडून वस्तू निम्म्या किमतीत देऊन टाकली, तर त्याची बातमी कोण छापणार? प्रसिद्ध झालेल्या मोजक्या सौद्यांवरून सर्व खाजगी सौद्यांची कल्पना करणे, हे लग्नाच्या छायाचित्रांवरून संसाराचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

मिकी मँटल या बेसबॉलपटूच्या १९५२ सालच्या एका कार्डाची कथा हीच बाजू उलटी करून दाखविते. ते कार्ड १९९१ साली एका संग्राहकाने खाजगी सौद्यात पन्नास हजार डॉलर देऊन घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये ते लिलावात निघाले आणि १ कोटी २६ लाख डॉलरपर्यंत गेले. इतक्या उत्तम स्थितीतील दुसरी प्रत बाजारात नसल्यामुळे तुलनेला जुना भावच नव्हता. जिचा भाव कोणीच सांगू शकत नाही, अशा वस्तूसाठी लिलावाचे मैदान अधिक योग्य ठरते. जिच्या प्रती मुबलक आहेत आणि भाव सर्वांना पाठ आहे, त्या वस्तूसाठी लिलावाचे शुल्क भरण्यात विशेष अर्थ नसतो.

लिलावाची आणखी एक बाजू म्हणजे त्याचा गाजावाजा. जुलै २०११ मध्ये लंडनमधील एका धर्मादाय कार्यक्रमात महेंद्रसिंग धोनीची विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील बॅट एक लाख पौंडांना विकली गेली. २०२१ साली पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंच्या ई-लिलावात नीरज चोप्राच्या भाल्याची मूळ किंमत एक कोटी रुपये होती. तो भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने दीड कोटींना घेतला आणि ती रक्कम गंगा शुद्धीकरणाच्या कार्याला गेली. शेन वॉर्नची कसोटी टोपी जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील वणवाग्रस्तांसाठी लिलावात काढली गेली व तिला दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक किंमत आली. घेणारी एक बँक होती. या रकमांत वस्तूचे मोल, दानाची भावना आणि नाव होण्याची इच्छा ही तिन्ही मिसळलेली असतात. अशा आकड्यावरून आपल्या घरातील बॅटची किंमत ठरवू नये.

गाजावाजाचा उपयोग विक्रीपलीकडेही होतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे साताऱ्याचे कुस्तीगीर खाशाबा जाधव यांच्या मुलाने, गोळेश्वर या त्यांच्या गावी आश्वासन दिलेली कुस्ती अकादमी उभी राहत नसल्यामुळे, २०१७ साली वडिलांच्या पदकाचा लिलाव करण्याचा विचार जाहीर केला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! ‘पदक विकायचे आहे’ असे एखाद्या श्रीमंताला खाजगीत सांगितले असते, तर महाराष्ट्राला त्याचा पत्ताही लागला नसता. लिलाव हा शब्द उच्चारताच ती राज्याची बातमी झाली.

छत्तीसगडच्या इतिहासाशी जोडलेली एक वस्तूही अशीच लिलावातून परत आली. नागपूरचे पहिले रघुजी भोसले यांच्या फौजेने १७४१ साली रतनपूर जिंकले आणि या प्रदेशात मराठ्यांचा अंमल सुरू झाला. रायपूरमधील कित्येक मराठी घराण्यांची मुळे त्या काळापर्यंत जातात. याच रघुजींची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात विक्रीला निघाली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळविली. या व्यवहाराचा एकूण खर्च ४७ लाख १५ हजार रुपये सांगण्यात आला आणि त्यात वाहतूक व विमा यांचाही समावेश होता. वेळ थोडा असताना आणि वस्तू एकमेव असताना घेणाऱ्यापुढे दुसरा पर्याय नसतो. हातोडीचा आकडा तेथे खर्चाची फक्त सुरुवात असते.

उघड लिलाव म्हणजे स्वच्छ लिलाव, असे मात्र समजू नये. वॅग्नरच्या कार्डांपैकी सर्वांत नामांकित प्रत विल्यम मॅस्ट्रो या अमेरिकन व्यापाऱ्याने १९८५ साली खाजगीत पंचवीस हजार डॉलरना घेतली आणि दोन वर्षांनी १ लाख १० हजारांना विकली. १९९१ साली ती सदबीजच्या लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरना गेली. २००७ साली ती खाजगी सौद्यात २८ लाखांपर्यंत पोचली. तिच्या धारदार, स्वच्छ कडांचे कौतुक होत असे. पुढे मॅस्ट्रोवर खटला झाला. त्याच्या लिलावगृहात भाव फुगविण्यासाठी बनावट बोली लावल्या जात होत्या, याची त्याने २०१३ साली कबुली दिली आणि त्याच वेळी हेही मान्य केले, की त्या कार्डाच्या कडा त्यानेच कातरल्या होत्या. २०१५ साली त्याला वीस महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. बनावट बोलीदार खरेदीदाराला लुबाडतो. बोलीदारांनी आपसांत संगनमत करून गप्प राहायचे ठरविले, तर विक्रेता लुबाडला जातो. मंडीतल्या शेतकऱ्याने हा दुसरा प्रकार पुष्कळदा पाहिलेला असतो. त्यावर उपाय म्हणून लिलावात राखीव किंमत ठेवता येते. तेवढी बोली न आल्यास वस्तू विकली जात नाही. मात्र काही ठिकाणी न विकलेल्या वस्तूसाठीही शुल्क आकारले जाते, हे आधी विचारून घ्यावे लागते.

तेव्हा तात्यापाऱ्यातील मामांनी काय करावे? पेटीतील वस्तूंची यादी आणि छायाचित्रे काढून ती एकाऐवजी तीन-चार संग्राहकांना स्वतंत्रपणे दाखविली, तर घरबसल्या लहानसा लिलावच होतो आणि शुल्क लागत नाही. बबलगमची चित्रे आणि साधी कार्डे यांचा भाव जाणकारांना ठाऊक असतो. ती खाजगी सौद्यात देण्यास हरकत नाही. स्वाक्षरीचे तिकीट वेगळे ठेवावे, कारण त्याची किंमत स्वाक्षरी खरी असल्याच्या पुराव्यावर अवलंबून आहे. स्वाक्षरी घेतानाचे छायाचित्र असेल, तर ते तिकिटाबरोबरच ठेवावे. भाच्याने लिलावगृहाला ‘किती येतील?’ असे विचारण्यापेक्षा ‘दहा हजारांवर हातोडी पडली, तर सर्व वजा जाता आमच्या हाती किती येतील आणि किती दिवसांनी?’ असे लेखी विचारावे. सौदा खाजगी असला तरी पावती करावी. तिच्यात प्रत्येक वस्तूचे नाव, तारीख आणि रक्कम लिहावी. मुलीच्या शुल्काची मुदत जवळ आली असेल, तर आज मिळणारे साडेदहा हजार आणि तीन महिन्यांनी मिळण्याची शक्यता असलेले बारा हजार यांतील निवड मामांनीच करायची आहे. तेथे भाच्याचे वाचन फारसे उपयोगी पडणार नाही.

३ डिसेंबर २०२५ रोजी त्याच मैदानावर पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय सामन्यांतील आपले पहिले शतक झळकावले. भारताने ३५८ धावा केल्या आणि तरीही सामना गमावला. पराभवाची तिकिटे लोक सहसा जपून ठेवत नाहीत. त्यामुळे एखाद्या पेटीत त्या दिवसाचे तिकीट चुकून राहिलेच, तर त्याच्या जोडीला फार थोडी तिकिटे उरलेली असतील. त्यावर अजून कोणी बोली लावलेली नाही आणि कोणी दारही ठोठावलेले नाही.